शेवटचा हात जिथे लागला

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून जी फियाट बाहेर पडू लागली व पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने सर्वांच्या परिचयाची झाली, त्या गाडीने मराठी मध्यमवर्गाला प्रवासाच्या सोयीबरोबर बॉनेट उघडून आत पाहण्याचे धैर्यही दिले. तिच्या इंजिनाभोवती इतकी मोकळी जागा असे आणि तिचा एकेक अवयव इतका उघडपणे नजरेस पडे की, चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि रविवारची सकाळ एवढ्या भांडवलावर कोणीही जिज्ञासू गृहस्थ प्लग साफ करण्यास किंवा पॉइंट बदलण्यास प्रवृत्त होई. मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तरी जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक आजही आहेत आणि नव्या गाडीची बॅटरी वा फिल्टर घरी बदलणारेही आहेत. या सर्वांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा एक प्रसंग येतोच: काम यथास्थित झाले, सर्व नट आवळले, हात पुसून किल्ली फिरवली, आणि कालपर्यंत बिनतक्रार चालणारी गाडी आज काही केल्या स्टार्ट घेईना.

अशा वेळी खरे नुकसान पुढल्या अर्ध्या तासात होते. घाबरलेला मनुष्य एकाच वेळी चार गोष्टींना हात घालतो. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, फिरवून पाहतो, कार्बोरेटरचे स्क्रू ढिले करतो, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतो, आणि मूळच्या एका दोषात स्वतःच्या हातांनी आणखी तीन दोषांची भर घालून बसतो. म्हणून किल्ली बंद करून स्वस्थ उभे राहावे, आणि गाडी काल चालत होती व आज चालत नाही या दोन क्षणांच्या दरम्यान आपला हात कोठे कोठे लागला, याची तपशीलवार यादी कागदावर करावी. नेमके आपण काम करीत असतानाच एखादा तिऱ्हाईत भाग आपल्या मरणाने मरावा असा योगायोग क्वचित घडतो; दहातील नऊ वेळा दोष त्या यादीतच दडलेला असतो, आणि यादीतही जी वस्तू सर्वांत शेवटी काढली वा बसवली, तिच्यापासूनच तपासाला आरंभ करणे शहाणपणाचे ठरते.

तपासाचा पहिला प्रश्न एकच: सेल्फ फिरतो की नाही? सेल्फ मुळीच फिरत नसेल, नुसता टक् असा आवाज येत असेल, किंवा तो कण्हत कण्हत फिरत असेल, तर पेट्रोल आणि प्लग यांच्याकडे पाहण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, तिच्या वायरी, सोलेनॉइड आणि सेल्फ एवढ्याच मुलखात असला पाहिजे. उलट सेल्फ जोमाने फिरत असून इंजिन धरत नसेल, तर बॅटरीला निर्दोष सोडून पुढे जावे. या एका प्रश्नाने अर्धी गाडी संशयातून मुक्त होते.

चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा सेल्फ 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसला आणि हँडल मारता मारता मनगटे मोडून घेण्याचे दिवस हळूहळू संपले. परंतु त्या सोयीचे मोल असे की, गाडीतील कोणत्याही उपकरणापेक्षा सेल्फला अधिक करंट लागतो. पुढचे दोन्ही दिवे मिळून दहा अँपिअरच्या आसपास करंट घेतात, तर सेल्फ सहज दीडशे अँपिअर ओढतो. आता बॅटरी काढून पुन्हा बसवताना टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा क्षार खरवडायचा राहिला, किंवा क्लॅम्प हाताने हलवला तर हलतो इतका सैल राहिला, तर त्या सांध्यात सुमारे दोन शतांश ओहम एवढाच रोध निर्माण होतो, असे समजू. दिव्यांच्या दहा अँपिअरला तेथे केवळ 0.2 व्होल्टचा तोटा होतो, म्हणून दिवे लख्ख लागतात. सेल्फच्या दीडशे अँपिअरला मात्र तोच सांधा 3 व्होल्ट खाऊन टाकतो, आणि सेल्फ जागीच बसतो. ‘दिवे तर झक्क लागताहेत, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा निष्कर्ष पुष्कळांना चुकीच्या वाटेने नेतो. स्वस्थ, भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ फिरत असताना तो आकडा साडेनऊच्या खाली जाऊ लागला तर बॅटरी दुबळी समजावी. बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्ट भरपूर, पण सेल्फपाशी ते पोहोचत नाहीत, असे आढळले तर सांधे तपासावेत.

याच सदरात आणखी एक वायर येते, जिची आठवण काम संपल्यावर हटकून राहत नाही. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने अलग असते, आणि परतीच्या करंटाला वाट मिळावी म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक जाड पट्टी जोडलेली असते, तिला मिस्त्री अर्थिंगची पट्टी म्हणतात. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडली आणि चढवताना विसरली, तर सेल्फ मारताच करंट मिळेल त्या वाटेने, प्रसंगी क्लचच्या वा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाऊ पाहतो, आणि ती केबल हाताला चटका बसण्याइतकी तापते.

सेल्फ नीट फिरतो तेव्हा प्रश्न चार उरतात: योग्य वेळी ठिणगी पडते काय, इंधन पोहोचते काय, सिलिंडरात दाब तयार होतो काय, आणि व्हॉल्व्ह व ठिणगी यांचा मेळ बसला आहे काय. ठिणगीचा निकाल आधी लावावा, कारण तो सोपा आहे: एक प्लग काढून लीडला जोडावा, त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवावी, कोरडा रबरी हातमोजा घालून किंवा लाकडी चिमट्याने धरावा, आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खातरी करून घ्यावी, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारण्यास सांगावे. ठिणगी अजिबात नसेल, तर पद्मिनीसारख्या गाडीत बहुधा दोनच गोष्टी आढळतात. एक, डेल्कोच्या टोपणाखालचा रोटर काढून बाजूला ठेवलेला असतो आणि टोपण त्याच्याविनाच चढवलेले असते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. नवे पॉइंट बसवताना कॉइलची आणि कंडेन्सरची वायर ज्या खुंटीवर आवळतात, तिच्यावर विद्युतरोधक वॉशर असतात, आणि त्यांचा क्रम थोडासा जरी चुकला तर वायर थेट धातूला टेकते. मग पॉइंट डोळ्यांना उघडझाप करताना दिसतात, पण करंट कधी तुटतच नाही, आणि तो तुटल्याविना कॉइल ठिणगी देत नाही. नखाएवढ्या त्या वॉशरने सबंध इंजिन अडवून धरलेले असते.

ठिणगी पडते, तरीही इंजिन अधूनमधून कार्बोरेटरातून फटाका उडवून गप्प होते, अशी अवस्था असेल तर लीडचा क्रम पाहावा. पद्मिनीच्या चार सिलिंडरांत ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा आहे, आणि चारही लीड एकदम उपटून त्या अंदाजाने परत बसवण्याइतकी महाग सवय दुसरी नाही. डेल्को काढून पुन्हा बसवला असेल तर आणखी एक सापळा संभवतो. इंजिनाचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा डेल्कोचा रोटर एकदा फिरतो. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला येण्याचे प्रसंग दोन असतात, एक दाबाच्या फेरीतला आणि दुसरा धूर बाहेर टाकण्याच्या फेरीतला, आणि पुलीवरची खूण दोन्ही वेळा एकाच जागी दिसते. दोहोंतील खरा कोणता हे ओळखण्यासाठी पहिला प्लग काढून त्याच्या भोकावर अंगठा ठेवावा, किल्ली बंद राखून गाडी वरच्या गिअरमध्ये दुसऱ्या कोणाकडून हळूहळू ढकलवावी, आणि हवा ज्या वेळी अंगठा उडवू पाहते ती दाबाची फेरी समजून त्याच टोकाला रोटर पहिल्या लीडकडे वळवावा.

इंधनाचा तपास तुलनेने लवकर आटोपतो. वारंवार सेल्फ मारून प्लग पेट्रोलने ओले झाले असतील तर ते काढून वाळवावेत. कोरडेठाक असतील तर पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी उलटसुलट जोडली गेली आहे काय ते पाहावे. डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो, पण फिल्टर बदलल्यानंतर लाइनीत एअर धरली तर ती फिल्टरवरचा हातपंप मारून काढावी लागते, एरवी कितीही सेल्फ मारला तरी ती गाडी बोलत नाही. टायमिंग बेल्टचे काम केले असेल आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका व भरभर फिरत असेल, तर मात्र तत्काळ थांबावे. बेल्टचे दात चुकले असण्याचा संभव आहे, आणि कित्येक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून तो वाकवतो.

2000 सालच्या सुमारास आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला आणि त्याची जागा सेन्सर व संगणक यांनी घेतली, तरी तपासाचे तत्त्व बदललेले नाही. एअर फिल्टर बदलताना सुटलेला एखादा कनेक्टर, क्लिक न झालेला क्रँक सेन्सरचा प्लग, काम करताना उडालेला फ्यूज, आणि किल्ली ओळखली नाही म्हणून लुकलुकणारा इमोबिलायझरचा दिवा, यांतील प्रत्येक दोष शेवटी हात जिथे लागला तिथेच सापडतो. जुन्या गाडीइतकी उघडी सोय नव्या गाडीत नाही, पण कोडवाचक यंत्राचा आधार आहे. फक्त ते कोणत्या भागावर बोट ठेवते ते पाहून आपल्या यादीशी रुजुवात घालावी, आणि निमूटपणे तो भाग नवा विकत घेऊ नये.

या साऱ्या खटाटोपाला उत्तम प्रतिबंध म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीची दक्षता. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. एक लीड काढून तीच बसवून मग दुसरीला हात लावावा. प्रत्येक जोडणीचे सोडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. एका बैठकीत एकच बदल करून गाडी सुरू करून पाहावी, आणि सेल्फ दहा सेकंदांहून अधिक काळ न दाबता मध्ये त्याला विसावा द्यावा. एवढे करूनही दोष सापडला नाही, तर मिस्त्रीला बोलावण्यात मुळीच कमीपणा नाही. मात्र त्याला आपण काय काय केले याची संपूर्ण, खरीखुरी हकिकत सांगावी, कारण संकोचाने झाकून ठेवलेली एक गोष्ट त्याचे दोन तास आणि आपले पैसे खाते. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या वापरातील वस्तू समजून घेण्याची ओढ असते, आणि ही ओढ मला फार मोलाची वाटते. ती पुरी होते ती गाडी धडधडत सुरू झाल्याने, पण त्याहूनही, ती का थांबली होती हे पुढच्याला सांगता आल्याने.