मंत्रचळ आणि चुंबक

दाराला कुलूप लावले. तरी मन विचारते, "लागले का?" माणूस परत जातो, ओढून पाहतो. एकदा नव्हे, वीसदा! कुणी हात धूतच राहतो. कातडी सोलवटते, तरी थांबत नाही. हे व्यर्थ आहे, हे त्यालाही कळते. पण राहवत नाही.

लोक म्हणतात, "हट्टी आहे," "बाहेरचे लागले आहे." तसे नव्हे. हा आजार आहे. त्याला मंत्रचळ म्हणतात.

यावर औषधे आहेत. मनाचे डॉक्टर सवय मोडायलाही शिकवतात. तेवढ्याने गुण आला नाही, तर आणखी एक उपाय आहे. डोक्यावर टोपासारखे यंत्र ठेवतात. आत तारेचे वेटोळे असते. त्यातून क्षणभर वीज सोडली, की चुंबकशक्ती उत्पन्न होते. ती कवटीतून आत जाऊन मेंदूच्या ठराविक भागाला चाळवते. चिरफाड नाही, भूलही नाही. अशा बैठका सुमारे सहा आठवडे चालतात.

अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने 2018 साली याला परवानगी दिली. त्याआधीच्या चाचणीत खऱ्या यंत्राने शंभरात 38 जणांना चांगला गुण आला, नुसत्या दिखाऊ यंत्राने 11 जणांना. म्हणजे ही जादू नव्हे. पण आशा आहे.

डोक्यात धातूचा तुकडा असेल किंवा फेफरे येत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे.

घरात असा कुणी असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका. दवाखान्यात न्या.