पोत्यातला स्फुरद, माशाच्या अंगी लागणारा स्फुरद

मत्स्यखाद्य घेताना मत्स्यशेतकरी आधी प्रथिनांचा आकडा पाहतो, आणि त्यात काही गैर नाही. पण पुरेशी प्रथिने देऊनही रोहू, कटला, मृगळ यांची वाढ खुंटत असेल, तर खनिजांकडे, त्यातही स्फुरदाकडे पाहायला हवे. हाडांना आणि खवल्यांना कॅल्शियम व स्फुरद दोन्ही लागतात. कॅल्शियमचा बराचसा वाटा मासा कल्ल्यांवाटे पाण्यातूनच घेतो. स्फुरद मात्र पाण्यात अत्यल्प असतो, म्हणून तो खाद्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की वाढ मंदावते, हाडे कच्ची राहतात, रोहूच्याच कुळातल्या सायप्रिनस माशाच्या कवटीत व्यंग येते आणि अंगात चरबी साठते.

भाताच्या कोंड्यात स्फुरद भरपूर असतो, मग अडते कुठे? वनस्पतिजन्य खाद्यातला साधारण दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडवणारे विकर माशाच्या आतड्यात जवळजवळ नसते. शिवाय हा फायटेट जस्त आणि लोहही अडकवून ठेवतो. मासळीच्या कुटीतला स्फुरद हाडांत असतो. तो विरघळायला आम्ल लागते. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांना मात्र जठरच नसते. जपानमध्ये 1970च्या दशकात झालेल्या प्रयोगांत सायप्रिनसने मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला सुमारे 94 टक्के स्फुरद शोषला, तर हाडांतल्या स्फुरदाशी मिळत्याजुळत्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमधला जेमतेम 13 टक्के. जठर असलेल्या ट्राउटने याच दुसऱ्या क्षारातला निम्म्याहून अधिक स्फुरद पचवला. म्हणजे स्फुरद किती घातला याइतकेच तो कोणत्या रूपात आणि कोणत्या माशाला घातला, हेही महत्त्वाचे.

तळ्यातले प्लवंग ही उणीव भरून काढत नाहीत का? विरळ मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात बऱ्याच अंशी काढतात. पण दाट संवर्धनात किंवा धरणातल्या पिंजऱ्यांत नैसर्गिक अन्न तोकडे पडते आणि सारी भिस्त पोत्यावर येते. मग खनिज मिश्रणच सढळ हाताने घालावे, हा उपाय सोपा वाटतो, पण तो उलटतो. कॅल्शियम फॉस्फेट जास्त झाले की जस्ताचे शोषण घटते. हाडांचे प्रमाण जास्त असलेल्या मासळी-कुटीवर वाढवलेल्या ट्राउटना त्यामुळे मोतीबिंदू झाल्याचे आढळले आहे. न पचलेला स्फुरद विष्ठेवाटे पाण्यात जातो, शेवाळ माजवतो आणि पहाटे प्राणवायू घटून मासे दगावण्याचा धोका वाढतो.

राहिला खर्चाचा मुद्दा. मोनोकॅल्शियम फॉस्फेटसारखे विद्राव्य फॉस्फेट महाग असते हे खरे, पण मत्स्यशेतीत सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच; ते अंगी न लागणे त्याहून महाग. फायटेटमधला स्फुरद सोडवणारे फायटेज विकर खाद्यात मिसळणे हा दुसरा मार्ग आहे. ते आम्लात चांगले काम करते, म्हणून मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी रोहूच्या खाद्यात त्याला सायट्रिक आम्लाची जोड दिली, तेव्हा हाडांतले खनिजांचे प्रमाण सुधारले. तेव्हा पोत्यावर एकूण स्फुरदाचा आकडा छापून भागणार नाही. ज्या माशासाठी ते खाद्य विकले जाते, त्याला त्यातला किती स्फुरद पचतो, हे तिथे लिहिलेले असावे.