भंगाराला भाव आहे, वेचणारीला नाही

शिरूर आणि दौंड म्हटलं की ऊस, गुऱ्हाळं, घोड आणि भीमा आठवतात. पण गेल्या तीसेक वर्षांत या दोन तालुक्यांचा कचरा पार बदलला आहे. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावपर्यंत कारखाने उभे राहिले. दौंडच्या बाजूला कुरकुंभची रासायनिक वसाहत वाढली. कामगारांच्या खोल्या आल्या, धाबे आले आणि त्यांच्यामागे पुठ्ठा, थर्माकोल, बाटल्या, पिशव्यांचे ढीग आले. ते ढीग उपसून पोट भरणाऱ्यांत बायकाच जास्त दिसतात. त्यांच्याविषयी आपण जे गृहीत धरून चालतो, त्यातलं बरंचसं तपासलं की टिकत नाही.

गैरसमज : घंटागाडी दारात येते, मग वेचणाऱ्यांची गरजच काय?

घंटागाडी कचरा उचलते, निवडत नाही. पाण्याची बाटली, तिचं झाकण, दुधाची पिशवी आणि वेफर्सचं पाकीट आपल्याला सारखंच ‘प्लास्टिक’ दिसतं. वेचणारीला त्या चार वेगळ्या वस्तू दिसतात. बाटलीचा भाव वेगळा, झाकणाचा वेगळा, पिशवीचा वेगळा. पाकिटाला सहसा भावच नसतो, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. जर्मन (अॅल्युमिनियम) कुठलं, पत्रा कुठला, बीड (ओतीव लोखंड) कुठलं हे ती हाताच्या वजनावरून सांगते. या निवडीशिवाय एकही बाटली कारखान्यात परत जात नाही. गाडीतला मिसळलेला कचरा थेट डेपोवर गेला, की ओल्यात भिजलेला कागद कायमचा वाया गेला असं समजा.

या कामाची मोजदाद झालेली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी 2001 मध्ये पुण्यात जो अभ्यास झाला, त्यात शहरातले कचरावेचक रोज 144 टन माल डेपोवर जाण्यापासून वाचवतात असं आढळलं. त्याच अभ्यासाच्या हिशेबानं प्रत्येक वेचक महिन्याला 246 रुपयांचं श्रम महापालिकेला फुकट देत होता. म्हणजे ज्यांना आपण व्यवस्थेवरचं ओझं समजत होतो, त्यांच्याच घामावर व्यवस्थेचे पैसे वाचत होते.

गैरसमज : कचरा वेचणारे म्हणजे चोर नाहीतर भिकारी

पुणे भागातल्या कचरावेचकांत दलित समाजातल्या, भूमिहीन कुटुंबांतल्या स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पोटासाठी आलेली घरं त्यांत बरीच. शेतमजुरी नाही, धुण्याभांड्याला जातीमुळे दार उघडत नाही, तेव्हा हातात पोतं आलं. कुठे चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर, हे वर्षानुवर्षं चाललं. 1990 च्या दशकात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि या बायकांना प्रथमच ‘मी कामावर आहे’ असं पोलिसाला सांगता आलं. एका कार्डाची ताकद ज्याला कोणी कधी अडवलं नाही, त्याला कळायची नाही.

गैरसमज : भंगारात चिक्कार पैसा असतो

असतो. तो कुठे थांबतो, हे पाहायला हवं. शिरूर तालुक्यात कारखान्यांच्या भंगाराच्या ठेक्यांवरून दमदाटी आणि गुन्हे होतात, ते उगीच नाही. एकाच प्रकारचा, स्वच्छ, टनावारी माल फाटकातून बाहेर पडतो आणि तो बळकट हातांत जातो. वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला राहतं ते रस्त्याकडेचं, हॉटेलामागचं, नाल्याकाठचं.

तेही ती मिळेल त्या भावाला विकते. साठवायला जागा नाही, म्हणून रोजचा माल रोज द्यायचा. लेकराच्या दवाखान्यासाठी दुकानदाराकडून उचल घेतलेली असते, म्हणून दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. काटा त्याचा, भाव त्याचा. वर बाजारभाव तिच्या हातात नाहीतच. 2008 मध्ये जगभर मंदी आली तेव्हा पुठ्ठा-प्लास्टिकचे भाव कोसळले. ज्यांनी शेअर बाजाराचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांची चूल त्यात विझली.

गैरसमज : रिसायकलिंगचं काम म्हणजे हरित रोजगारच

‘हरित रोजगार’ हा शब्द आता प्रत्येक प्रकल्पाच्या फलकावर असतो. 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या अहवालानं याबाबत स्पष्ट इशारा दिला होता: पर्यावरणाला उपकारक असलेलं काम ते करणाऱ्यालाही सन्मान, सुरक्षितता आणि पुरेसं उत्पन्न देईलच असं नाही, आणि रिसायकलिंगमधली पुष्कळ कामं घाण आणि धोक्याची आहेत. हातमोजे आणि हिरवं जाकीट वाटून फोटो काढला, म्हणून काम बदलत नाही. वापरलेल्या सुया, फुटकी काच, डायपर त्याच पोत्यात येत राहिले आणि मजुरी भंगाराच्या भावावरच लटकत राहिली, तर तो जुनाच धंदा नव्या जाकिटात चालू आहे.

औद्योगिक पट्ट्यात आणखी एक धोका आहे. रसायनांचे रिकामे पिंप, तेलकट चिंध्या हा घातक कचरा. त्याला वेगळे नियम आहेत, तो कुणाही वेचकाच्या हाताला लागता कामा नये. निरुपयोगी प्लास्टिक जाळून मोकळं होणं हाही उपाय नव्हे. दौंड भागातल्या काही गुऱ्हाळांत जळण म्हणून प्लास्टिक वापरल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. त्या धुराचा त्रास गावालाच होतो.

गैरसमज : पुण्यात जमलं, लहान गावात जमणार नाही

पुण्यात काय जमलं, हे आधी नीट पाहू. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचं काम तिच्या मुळाशी होतं आणि हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव पाठीशी होते. 2008 मध्ये याच कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. घरटी ठरलेलं शुल्क वेचकाला मिळतं. सुक्या कचऱ्यावर तिचा हक्क राहतो, तो विकून आलेले पैसे तिचे. ढकलगाड्या आणि इतर साहित्याचा भार महापालिकेनं उचलायचा.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो उत्पन्नाच्या दोन पायांचा. सेवेचे पैसे वेगळे, मालाचे वेगळे. पुठ्ठ्याचा भाव पडला तरी महिन्याचं शुल्क येतं. अडचणी तिथेही आहेत: शुल्क द्यायला टाळाटाळ करणारी घरं आहेत, आणि 2020 च्या अखेरीस करार संपल्यावर मुदतवाढीवर दिवस काढावे लागले.

शिरूर आणि दौंडमध्ये नगरपरिषदा आहेत. सणसवाडी, शिक्रापूरसारखी गावं शहराएवढा कचरा करतात, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. पुण्याची नक्कल इथे चालणार नाही, हे खरं. माल थोडा आणि विखुरलेला, वाहतूक महाग. म्हणून चार-पाच गावांत मिळून एक निवड-शेड, सरकारी मापाचा काटा आणि मोठ्या व्यापाऱ्याला एकत्र विक्री हा मार्ग जास्त जवळचा. ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहेच. तिथे निवडीचं काम ठेकेदाराच्या रोजंदारीवर द्यायचं की वेचणाऱ्या बायकांच्या गटाला, हा निर्णय स्थानिकच आहे.

गैरसमज : हे सगळं दयेपोटी करायचं

2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची नोंद घेणं, त्यांना ओळखपत्र देणं आणि व्यवस्थेत सामावून घेणं ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली. केंद्राच्या सफाई कामगारांसाठीच्या ‘नमस्ते’ योजनेत 2024 पासून कचरावेचकही आले. त्यांची गणना, सुरक्षा साहित्य आणि आयुष्मान भारतचं आरोग्य संरक्षण त्यात धरलेलं आहे. तेव्हा शिरूर-दौंडच्या नागरिकांनी आपल्या नगरपरिषदेला, ग्रामसभेला एवढंच विचारावं: आपल्या हद्दीतल्या किती वेचकांची नोंद झाली? शेडचं काम कुणाला दिलं? आणि घरी ओला-सुका वेगळा ठेवावा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, फुटकी काच वेगळी बांधून हातात द्यावी. ज्या हातात ती द्याल, त्या बाईचं नाव आधी विचारून घ्या.