गोचीड : लाळ आणि रोगप्रसार

गाईम्हशींच्या कानात किंवा आचळाभोवती चिकटलेली गोचीड ग्रामीण जीवनाच्या इतकी परिचयाची आहे की, तिचा गांभीर्याने विचार क्वचितच होतो. परंतु गुरांचे रक्त शोषणारा एक उपद्रवी जीव एवढीच तिची ओळख नाही. गुरांमध्ये आणि माणसांमध्येही ती अनेक रोग पसरवते व या प्रसाराचे प्रमुख साधन आहे तिची लाळ.

वर्गीकरण व जीवनक्रम

गोचिडीला सर्रास कीटक म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या ते योग्य नाही. डास, पिसू, ऊ व ढेकूण हे सहा पायांचे कीटक होत. गोचीड मात्र कोळी व विंचू यांच्या अष्टपाद वर्गात मोडते. जगात तिच्या सुमारे ९०० जाती ज्ञात आहेत. त्यांची मुख्य कुळे दोन : पाठीवर टणक ढाल असलेल्या कठीण गोचिडी आणि ढालविरहित मऊ गोचिडी. मऊ गोचीड बहुधा काही मिनिटांत वा तासाभरात रक्त पिऊन दूर होते. कठीण गोचीड कित्येक दिवस चिकटून राहते.

अंड्यातून सहा पायांचा लार्व्हा बाहेर पडतो, त्याचे आठ पायांच्या निम्फमध्ये आणि निम्फचे प्रौढ गोचिडीत रूपांतर होते. कठीण गोचिडीला प्रत्येक टप्प्यावर रक्ताची गरज असते. अनेक जाती दर टप्प्याला नवा प्राणी गाठतात. त्यामुळे उंदराच्या किंवा माकडाच्या रक्तातून आलेला विषाणू पुढील टप्प्यात माणसापर्यंत पोहोचू शकतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

लाळेचे कार्य

शरीरात काटा रुतला तर रक्त गोठते, सूज येते, खाज सुटते. मग गोचीड दिवसेंदिवस निर्धोक कशी राहते? याचे उत्तर तिच्या लाळेत आहे. लाळेतील काही प्रथिने रक्त गोठू देत नाहीत, काही खाज व सूज आणणाऱ्या हिस्टामिनला बांधून ठेवतात, तर काही शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी क्षीण करतात. अनेक जातींच्या लाळेतील एक घटक सिमेंटसारखा घट्ट होऊन तोंडाचे अवयव त्वचेत पक्के बसवतो. शिवाय कठीण गोचीड शोषलेल्या रक्तातील जादा पाणी लाळेवाटे पुन्हा त्याच प्राण्याच्या शरीरात सोडते. या पाण्याबरोबर रोगजंतूही आत शिरतात आणि प्रतिकारशक्ती आधीच दुबळी झालेली असल्याने त्यांचे फावते.

माकडतापाचा धडा

सन १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व परिसरातील लोक तीव्र तापाने आजारी पडले. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. जंगलातील कठीण गोचीड, विशेषतः तिचा निम्फ, हा विषाणू माणसापर्यंत पोहोचवतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. पुढे सह्याद्रीच्या इतर भागांतही हा रोग आढळला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले. सरपण, काजू किंवा गुरे यांसाठी जंगलात जाणाऱ्या श्रमिकांनाच त्याची झळ अधिक बसते.

उपाययोजना

जंगलात जाताना अंग पूर्ण झाकावे, प्रतिबंधक तेल लावावे आणि परतल्यावर कपडे व शरीर तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा तिला चटका देऊ नये. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. गोठ्यातील भेगा बुजवणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच गोचीडनाशके वापरणे हितावह ठरते, कारण एकच औषध वारंवार वापरल्यास गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात.

गोचिडीच्या आतड्यातील प्रथिनावर आधारलेल्या गुरांच्या लशी १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया व क्यूबा येथे वापरात आल्या. आता लाळेतील प्रथिनांकडेही संशोधकांचे लक्ष लागले आहे. गोचिडीचे हे शस्त्रच निकामी करता आले, तर एका लशीने अनेक रोगांना अटकाव करणे शक्य होईल. तोपर्यंत मात्र सावध नजर आणि स्वच्छ गोठा हेच आपले विश्वासाचे संरक्षण आहे.