संकेतस्थळावरील भाषा आणि सत्र : शेतकऱ्यांनी काय समजून घ्यावे?



सातबारा, पीक पाहणी, योजनेचा अर्ज ही शेतीची नित्याची कामे आता संगणकावर व मोबाइलवर होतात. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, तर १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. आळेफाट्यासारख्या ठिकाणी बाजाराला आले, की जाता जाता सेवा केंद्रातील संगणकावर अशी कामे उरकली जातात. तेथे संगणक एक, माणसे अनेक आणि भाषा कधी मराठी, कधी इंग्रजी. "भरलेली माहिती मध्येच गेली", "माझ्या खात्यात दुसऱ्याचेच कागद दिसतात", "नाव जुळत नाही" अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा दोनच गोष्टी असतात : सत्र आणि भाषा.

सत्र म्हणजे काय?

बाजार समितीच्या आवारात कांद्याची गाडी आत येताना आवक नोंदून पावती मिळते. पुढे लिलाव, वजन, हिशोबपट्टी या प्रत्येक ठिकाणी तोंडओळख चालत नाही. पावतीचा क्रमांक चालतो. संकेतस्थळाचेही असेच आहे. ज्या संगणकावर ते चालते, त्या सर्व्हरला मागच्या पानावर आपण कोण होता हे मुळात आठवत नाही. म्हणून ओटीपी किंवा पासवर्ड तपासून झाल्यावर तो एक लांबलचक क्रमांक आपल्या संगणकात ठेवतो. या चिठ्ठीला 'कुकी' म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ साली ही पद्धत काढली. पुढचे प्रत्येक पान उघडताना हा क्रमांक आपोआप दाखवला जातो. आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या या काळाला सत्र, म्हणजेच 'सेशन' म्हणतात.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, सर्व्हर माणूस ओळखत नाही, चिठ्ठी ओळखतो. चिठ्ठी संगणकात तशीच राहिली, तर पुढे बसणारी व्यक्ती त्याच्या दृष्टीने 'आपणच' असते. तिला आपले कागद दिसू शकतात, अर्ज बदलता किंवा रद्द करता येऊ शकतो. दुसरी, काही काळ हालचाल झाली नाही तर सुरक्षिततेसाठी चिठ्ठी बाद केली जाते. अर्ज अर्धा ठेवून आधार कार्ड आणायला घरी गेल्यास, जतन न केलेली माहिती त्यामुळेच जाते.

भाषेचा गोंधळ कोठे होतो?

चांगल्या संकेतस्थळात माहिती एकदाच साठवतात आणि दाखवताना भाषा बदलतात. पिकाला आत सांकेतिक क्रमांक असतो. मराठी पानावर तो 'कांदा', हिंदीत 'प्याज', गुजरातीत 'डुंगळी' असा दिसतो. नोंद मात्र एकच राहते.

नावांचे तसे नाही. नावाचे भाषांतर होत नाही, फक्त लिपी बदलते, आणि तेथेच घोटाळा होतो. इंग्रजीत 'ळ' साठी वेगळे अक्षर नाही. 'आळे' हे गाव इंग्रजी अक्षरांत लिहून यंत्राने परत मराठीत आणले, तर ते 'आले' होऊ शकते. म्हणजे गाव जाऊन मसाल्यातील आले हाती येते! आडनावांचेही असेच होते. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यंत्राला निराळे वाटतात आणि शोध घेऊनही नाव सापडत नाही.

अंक आणि मापे यांकडेही लक्ष द्यावे. काही रकाने मराठी अंक स्वीकारत नाहीत. सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ०.४० म्हणजे ४० आर, जवळजवळ एक एकर. ते ०.४० एकर समजल्यास निम्म्याहून अधिक क्षेत्र नोंदीतून सुटते. आळेफाट्यावर कांद्याचा भाव दहा किलोला बोलला जातो, तर अनेक संकेतस्थळांवर तो क्विंटलला असतो. तुलनेपूर्वी दहाने गुणावे.

सार्वजनिक संगणकावर घ्यावयाची काळजी

१. आधार, सातबारा, बँक पासबुक व ओटीपी येणारा मोबाइल जवळ घेऊनच कामास बसावे.
२. पडद्यावर वरच्या बाजूस आपलेच नाव आहे याची खात्री करावी. दुसऱ्याचे असल्यास आधी 'बाहेर पडा' दाबून नव्याने प्रवेश करावा.
३. भाषा सुरुवातीलाच निवडावी. अर्ज अर्धा भरल्यावर बदलल्यास काही ठिकाणी भरलेली माहिती पुसली जाते.
४. नाव आधारवर जसे आहे तसेच, अक्षर न् अक्षर भरावे. सातबाऱ्यावरील नाव वेगळे असल्यास दुरुस्तीसाठी तलाठ्यांकडे अर्ज करावा.
५. प्रत्येक टप्प्यावर माहिती जतन करावी. अर्ज क्रमांक कागदावर लिहून घ्यावा.
६. 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' असे विचारल्यास नकार द्यावा.
७. काम संपल्यावर 'बाहेर पडा' दाबावे. नुसती खिडकी बंद केल्याने सत्र संपतेच असे नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी

माल विक्रीसाठी स्वतःचे संकेतस्थळ करून घेताना संगणक तज्ज्ञास पुढील गोष्टी विचाराव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का? जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. भाषा बदलल्यावर सत्र आणि भरलेली माहिती टिकते का? सत्राचा क्रमांक अंदाज बांधता येणार नाही असा आहे का, आणि प्रवेशानंतर तो नवा दिला जातो का? सत्र संपण्यापूर्वी मराठीत सूचना येते का? 'बाहेर पडा' दाबल्यावर सर्व्हरवरील नोंदही रद्द होते का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये.

बाजारात हिशोबपट्टी हाती आल्याशिवाय आपण आवार सोडत नाही. संगणकासमोरून उठतानाही तीच शिस्त पाळावी : अर्ज क्रमांक खिशात आणि सत्र बंद. एवढे केल्यास अर्ज फेटाळला जाण्याची व माहिती परक्या हाती जाण्याची बरीचशी शक्यता टाळता येईल.