बंद कवटीतला दाब

तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला की टाळू मऊ लागते, नीट पाहिले तर उडतानाही दिसते. मेंदूज्वरात ती फुगून वर येऊ शकते. आतला दाब वाढल्याची ती खूण. साधारण दीड वर्षात टाळू भरते आणि ही खिडकी बंद होते.

मोठ्या माणसाच्या कवटीत सुमारे दीड लिटर जागा असते. त्यातली ऐंशी टक्के मेंदूची. उरलेली रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी यांची, जवळजवळ निम्मी निम्मी. हाड काही ताणले जात नाही. समजा, अपघातात आत रक्त साकळले किंवा मेंदू सुजला, तर दुसऱ्या कुणाला तरी जागा सोडावी लागते. प्रथम पाणी पाठीच्या कण्याकडे सरकते, शिरांतले रक्त बाहेर जाते. तोवर दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र चमचाभर वाढीनेही तो झपाट्याने चढतो. (वर्गात याचा आलेख काढून पाहावा: आधी जवळजवळ आडवा, मग एकदम उभा.) फसगत होते ती इथेच.

दाब वाढला तर बिघडते काय? हृदय रक्त आत ढकलते, कवटीतला दाब त्याला विरोध करतो. धमन्यांतला सरासरी दाब ९० मि.मी. पारा आणि कवटीतला १० धरला, तर मेंदूच्या वाट्याला ८० येतात. कवटीतला दाब ४० झाला की उरतात ५०. अशा रुग्णात निदान ६० राहावेत असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. पण बेशुद्ध माणूस डोके दुखते असे सांगणार कसे? डोळ्याची बाहुली मोठी होईपर्यंत थांबावे, तर बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून आत शिरून मोजायचे. स्वीडनमधील लुंड येथील निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूतील पाण्याच्या पोकळीत नळी ठेवून दाब सतत नोंदवला. ते काम १९६० साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांत दाब एकाएकी ५० च्या वर चढून कित्येक मिनिटे तिथेच राहत असे. एकदाच मोजले असते तर हे निसटलेच असते! त्याच नळीतून थोडे पाणी काढून दाब उतरवताही येतो. जंतुसंसर्गाचा आणि रक्तस्रावाचा धोका अर्थातच असतो.

मग मोजल्याने रुग्ण वाचतात का? २०१२ साली बोलिव्हिया व एक्वादोरमधील ३२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटात दाब मोजून, दुसऱ्यात तपासणी व स्कॅन पाहून उपचार केले. निष्पत्तीत म्हणावा असा फरक पडला नाही. यावरून दाबाला महत्त्व नाही असे आपण म्हणू नये. दाब उतरवण्याचे उपचार दोन्ही गटांना मिळालेच होते. ते कशाच्या आधारे द्यायचे, एवढीच तुलना होती.