नवं काही आलंय का?

आरएसएस म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी शाखा येते. इंटरनेटवरही एक आरएसएस आहे. त्याने पंचविशी ओलांडली आहे आणि आजही तो मुकाट्याने राबतो आहे.

रोज लिहिणाऱ्या बातम्यांच्या साइटसाठी त्याची फारशी गरज पडत नाही. ती उघडली की काहीतरी ताजं असतंच. अडचण होते ती कधीतरीच लिहिणाऱ्यांची. दोन महिन्यांनी एखाद्या किल्ल्यावर लिहिणारा भटक्या, सणावारालाच पाककृती टाकणारी ब्लॉगलेखिका. त्यांच्याकडे रोज डोकावलं तर बहुतेक फेऱ्या वायाच जाणार, आणि सोशल मीडियावर त्यांची पोस्ट दिसेलच याची खात्री नाही.

आरएसएस फीड हा त्यावरचा उपाय. वाचकाला दिसणाऱ्या पानांच्या मागे वेबसाइट एक साधी मजकुराची फाइल ठेवते. तिच्यात रंग नाहीत, सजावट नाही. प्रत्येक लेखाचं शीर्षक, दुवा, तारीख आणि थोडा किंवा सगळा मजकूर, एवढंच. नवा लेख आला की त्याची नोंद फाइलमध्ये पडते. फीडरीडर नावाचं ॲप ठरावीक वेळाने अशा फाइली तपासतं आणि न वाचलेलं तेवढं तारीखवार समोर ठेवतं.

मार्च १९९९मध्ये नेटस्केप कंपनीत आरएसएसची पहिली आवृत्ती तयार झाली. ती घडवणाऱ्यांत डॅन लिबी यांच्यासोबत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा होते. २०००च्या डिसेंबरात दुसऱ्या एका गटाने आरएसएस १.० आणलं, त्या गटातला ॲरन स्वार्ट्झ तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. त्याच सुमारास डेव्ह वायनर यांनी आरएसएसच्या आपल्या वेगळ्या आवृत्तीत ऑडिओ फाइलचा दुवा जोडायची सोय केली. पॉडकास्टचा पाया तोच. नवा भाग आल्याचं ॲपला आजही बहुधा फीडमधूनच कळतं, म्हणजे कानात इअरफोन घालून लोकलमध्ये बसलेले कितीतरी जण नकळत आरएसएस वापरत असतात.

गूगल रीडर हे गूगलचं फीडरीडर २००५मध्ये आलं आणि १ जुलै २०१३ला बंद झालं. वापर घटतोय, असं गूगलचं म्हणणं होतं. अनेकांना वाटलं, फीडही संपलं. पण बंद पडलं होतं ते वाचायचं ॲप. फाइली जागच्या जागीच होत्या. वर्डप्रेस आणि ब्लॉगर त्या आपोआप तयार करतात, त्यामुळे कित्येक मराठी ब्लॉगांना फीड असतं आणि ते लेखकाच्या गावीही नसतं.

सुरुवात सोपी आहे. फीडली किंवा इनोरीडरसारख्या फीडरीडरवर मोफत खातं उघडायचं आणि आवडत्या साइटचा पत्ता शोधचौकटीत टाकायचा. फीड असेल तर बहुतेकदा ॲपच ते हुडकून काढतं. यूट्यूब चॅनेलही असं जोडता येतं. पुढे ॲप बदलावंसं वाटलं, तर सगळी यादी ओपीएमएल नावाच्या एका फाइलमधून उचलून नव्या ॲपमध्ये नेता येते. फेसबुक, इन्स्टाग्राम मात्र अशी फीड देत नाहीत, आणि काही वृत्तपत्रांच्या फीडमध्ये दोन ओळींवर भागवावं लागतं.

यादीत जोडलेला ब्लॉग वर्षानुवर्षं गप्प राहिला तरी तिथेच असतो. मग एखाद्या सकाळी त्या भटक्याच्या नावापुढे ठळक ‘१’ उमटलेला दिसतो.